शकुंतलेची वाट सायकलला द्या

हा लेख थोडा रागात लिहितोय, हे आधीच सांगून टाकतो. शांत डोक्याने लिहायचं म्हणून दोनदा बसलो होतो. दोन्ही वेळा जे कागदावर उतरलं ते एखाद्या सरकारी योजनेच्या घडीपत्रिकेसारखं वाटायला लागलं. तेव्हा राग आहे तसाच राहू देतो.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे सायकल या वस्तूला एकदम मान आला आहे. मान सायकलला आला, सायकल चालवणाऱ्याला नाही, हा भाग वेगळा. एखादा दिवस साजरा करायचा असला की सायकल रॅली निघते. पांढरे टी-शर्ट, टोप्या, पुढे पोलिसांची जीप, मागे अँब्युलन्स, आणि दोन किलोमीटरवर केळी आणि पाण्याची बाटली. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. तिसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावरून दूधवाला सायकलने जातो तेव्हा मागचा डंपर त्याला इतक्या जोरात भोंगा मारतो की बिचारा कॅनसकट खाली उतरतो. त्याचा फोटो कुणी काढत नाही.

शहरांनी सायकलसाठी जे केलं ते आपण पाहतोच. पुण्यात फुटपाथला चिकटून लाल-पिवळे ब्लॉक बसवले, त्यावर आता स्कूटर आणि भेळेच्या गाड्या उभ्या असतात. हैदराबादने 2023 मध्ये बाह्यवळण रस्त्याच्या कडेने 23 किलोमीटरचा सायकल मार्ग केला, वर सौर पॅनेलचं छत. चांगली गोष्ट आहे, वाईट कशाला म्हणू? पण शेजारून आठ पदरी रस्ता धावतोय. सावली मिळाली, शांतता कुठे मिळाली?

आणि सायकलने फिरणाऱ्याला, म्हणजे पाठीमागे दोन पिशव्या बांधून चार दिवस गावोगाव हिंडणाऱ्याला, मुख्य हवी असते ती शांतताच. डांबर गुळगुळीत नसलं तरी त्याचं चालतं. मागून काही येत नाही एवढी खात्री असली की माणूस मान वर करून आजूबाजूला बघू लागतो. ती खात्री नसेल तर शंभर किलोमीटर जाऊनही तो फक्त पांढरी पट्टी आणि आरसा बघून घरी येतो.

आता आमच्या यवतमाळकडे या. यवतमाळ म्हटलं की बाहेरच्या माणसाला एकच गोष्ट आठवते आणि ती कोणती हे मी सांगायला नको. वर्तमानपत्रांनी आमच्या जिल्ह्याला एका शब्दात बसवून टाकलं आहे. मी तो शब्द नाकारत नाही, ते दुःख खरंच आहे. पण तेराएक हजार चौरस किलोमीटरच्या या जिल्ह्यात सागाची जंगलं आहेत, टिपेश्वर आणि पैनगंगा अशी दोन अभयारण्यं आहेत, उमरखेडच्या टोकाला पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा आहे, कळंबला जमिनीच्या पोटात उतरून जायचं चिंतामणीचं देऊळ आहे. फेब्रुवारीअखेर पळस फुलला की दारव्हा रोडच्या कडेची माळरानं पेटल्यासारखी दिसतात. दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली की पऱ्हाटीची वावरं पांढरी होतात, आणि डिसेंबरच्या सकाळी तुरीच्या धुऱ्यावरून जो वास येतो तो मी शब्दांत सांगू शकत नाही. कोकणाचं कौतुक मलाही आहे, पण कोकणात सायकलवर चढताना फुफ्फुसं बाहेर येतात. आमचा भाग लाटांसारखा आहे. थोडं वर, थोडं खाली. सायकलसाठीच केल्यासारखा.

फक्त रस्ते सायकलचे उरले नाहीत. पूर्वेकडून 44 क्रमांकाचा महामार्ग जातो, वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी करत तेलंगणात उतरतो. काश्मीर ते कन्याकुमारीची सगळी मालवाहतूक त्यावर. मधोमध 361 क्रमांकाचा नागपूर-तुळजापूर महामार्ग, कळंब, यवतमाळ, आर्णी, उमरखेडवरून. तोही आता चौपदरी झाला. वणी भागात कोळशाचे ट्रक, तिथे तर सायकलवाल्याचा सदरा घरी येईपर्यंत काळा होतो. रुंदीकरणात कडेची जुनी कडुलिंबं आणि बाभळी गेल्या, सावली गेली. मधे दुभाजक आला. या दुभाजकाचं एक कुणी बोलत नाही. गाव रस्त्याच्या या अंगाला आणि शाळा त्या अंगाला असली की पोट्टी सायकल घेऊन एक-दीड किलोमीटर पुढे जाऊन वळून येणार का? नाही येत. ती उलट्या बाजूने, समोरून येणाऱ्या ट्रकच्या कडेकडेने जाते. रोज. मी पाहतो म्हणून सांगतोय.

महामार्ग नको असं मी म्हणत नाही. आजारी माणसाला नागपूरला न्यायचं असलं की तोच रस्ता देव वाटतो. पण जिल्ह्यातला प्रत्येक चांगला रस्ता आपण वेगासाठी रुंद करत गेलो, आणि हळू जाणाऱ्यासाठी एकही ठेवला नाही. एकही. हे ठरवून झालं नाही, आणि म्हणूनच त्याचा जाब विचारायला कुणी सापडत नाही.

अशा वेळी हळू माणूस काय करतो? तो नहरीच्या कडेचा रस्ता धरतो, पांदण धरतो. बेंबळा, अरुणावती, अडाण या धरणांच्या कालव्यांशेजारून तपासणीसाठी केलेले मुरमाचे रस्ते आहेत. हिवाळ्यात त्यावरून सायकल चालवण्याइतकं सुख दुसरं नाही. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला गहू-हरभरा, वर खंड्या आणि वेडे राघू. पण नहर तिला हवं तिथे जाते, तुम्हाला हवं तिथे नाही. आणि पांदणीचं काय सांगू? ज्याने आमच्या काळ्या मातीतून जूनमध्ये सायकल नेली आहे त्यालाच ठाऊक. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखलाची अशी वीट बसते की सायकल ढकलताही येत नाही, खांद्यावर घ्यावी लागते. सरकारने पाणंद रस्त्यांसाठी योजना काढल्या, 2021 ची मातोश्री योजना त्यातलीच. जिथे काम झालं तिथे शेतकऱ्याची बंडी वावरापर्यंत पोचू लागली, चांगलंच झालं. पण पांदण एका गावच्या वावरात सुरू होते आणि त्याच गावच्या वावरात संपते.

(या जिल्ह्यातला सगळ्यात मोठा प्रवासी कोण, माहीत आहे का? टिपेश्वरचा वाघ. 2019 मध्ये गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक तरुण नर इथून निघाला आणि जिल्हे ओलांडत, तेलंगणात डोकावून, हजार-तेराशे किलोमीटर हिंडून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. नाल्यांमधून, वावरांमधून, बहुतेक रात्रीचा. त्यालाही मोठ्या रस्त्याकडेने जायला आवडलं नसावं.)

तर मुद्दा. सलग, सपाट, पावसाळ्यात न बुडणारी, गावांना गावं जोडणारी आणि मोटारगाडी नसलेली एकच वाट या जिल्ह्यात आहे. ती आपल्या आजोबा-पणजोबांच्या डोळ्यांदेखत बांधली गेली आणि आता आपल्या डोळ्यांदेखत बाभळीत बुडते आहे. शकुंतलेची वाट.

शकुंतला बाहेरच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात. यवतमाळ ते मूर्तिजापूर 113 किलोमीटर, पुढे मूर्तिजापूर ते अचलपूर आणखी 76-77. रुळांमधलं अंतर अडीच फूट. 1910 च्या दशकात किलिक-निक्सन या इंग्रज कंपनीच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने ही लाइन टाकली. कशासाठी, तर वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लाइनीवर आणायचा, तिथून मुंबई, आणि तिथून मँचेस्टर. गंमत अशी की गाडी ओढणारं वाफेचं इंजिनही मँचेस्टरचंच, 1921 साली बनलेलं. सत्तर वर्षं राबून ते 15 एप्रिल 1994 ला निवृत्त झालं आणि डिझेल इंजिन आलं. देश स्वतंत्र झाला, रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, तरी ही लाइन खासगी कंपनीच्याच मालकीची राहिली आणि भारतीय रेल्वे ती चालवत राहिली. फाटक लावायला, उघडायला गाडीतलाच माणूस खाली उतरायचा. यवतमाळहून मूर्तिजापूरला सहा-सात तास लागायचे. चांगला सायकलवाला तेवढ्याच वेळात पोचतो, हे लक्षात ठेवा. ही वाट मुळातच सायकलच्या वेगाची आहे.

गेली काही वर्षं गाडी बंद आहे. 2016 मध्ये सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना ब्रॉडगेजची घोषणा झाली, पंधराशे कोटींचा आकडा पेपरात आला, पेढे वाटले गेले. त्यानंतर निवडणुका आल्या, गेल्या. मागण्या झाल्या, आंदोलनं झाली, सर्वेक्षणाच्या बातम्या आल्या. मी हे लिहीत असताना तरी लासिन्याच्या बाजूला मोठ्या गाडीचा एक रूळ पडलेला नाही. जे आहे ते असं: भरावावर घाणेरी आणि वेडी बाभूळ, कुणाच्या गोवऱ्या, कुणाचं कुटाराचं ढीग, कुणाच्या वावराचा धुरा दरवर्षी हातभर पुढे सरकलेला. शेतकऱ्याला मी दोष देत नाही. पडीक जागा दिसली की नांगर सरकतोच. पण अशीच दहा वर्षं गेली तर ना रेल्वेला जागा सापडेल, ना सायकलला.

या वाटेत विशेष काय आहे ते समजून घ्या. आगगाडीला चढ झेपत नाही, त्यातून छोट्या इंजिनाला तर मुळीच नाही. म्हणून शंभर वर्षांपूर्वीच्या इंजिनिअरांनी चढ टाळत, वळसे घेत, भराव घालत वाट काढली. जिथे आपला रस्ता सरळ टेकडीवर चढतो तिथे शकुंतला बाजूने निघून जाते. भराव जमिनीपासून उंच, मुरूम-खडीचा. म्हणजे बाजूचं वावर गुडघाभर चिखलात असताना ही पट्टी कोरडी. दर काही किलोमीटरवर एक स्टेशन. लासिना, लाडखेड, दारव्हा मोतीबाग, कारंजा. स्टेशन म्हणजे विहीर, मोठी झाडं, एक छप्पर. सायकलने फिरणाऱ्याला मुक्कामाला आणखी काय लागतं? कारंजा तर नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान आणि जैनांच्या जुन्या हस्तलिखितांचं गाव, तिथे आजही माणसं दुरून येतात. पाहुणा आला तर त्याला चून-भाकर कशी वाढायची हे त्या गावाला शिकवावं लागणार नाही.

"मग काय, रेल्वेची मागणी सोडून द्यायची?" हा प्रश्न मला हमखास विचारला जातो, आणि विचारणारा बहुधा माझ्यापेक्षा मोठा, गाडीतून शाळा-कॉलेज केलेला माणूस असतो. त्याचा राग मला कळतो. या भागाने शंभर वर्षं कापूस दिला आणि त्याच्या बदल्यात एक खेळण्यातली गाडी मिळाली, तीही काढून घेतली. आता वर सायकल चालवा म्हणायचं म्हणजे जखमेवर मीठ. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या लाइनीचं तरी काय? वर्षानुवर्षं वाट पाहिली तेव्हा 28 फेब्रुवारी 2024 ला वर्धा ते कळंब एवढा तुकडा सुरू झाला. कळंबपर्यंत!

पण माझं म्हणणं नेमकं उलट आहे. सायकलची वाट केली तर रेल्वेची जागा वाचते. अमेरिकेत 1983 साली याच अडचणीतून एक कायदा झाला. तिथेही शेकडो छोट्या लाइनी बंद पडत होत्या, जमीन तुकड्या-तुकड्याने हातची जात होती. मग असं ठरलं की रेल्वेने लाइन बंद केली तरी तिचा पट्टा सलग ठेवायचा, मधल्या काळात त्यावर चालायची-सायकलची वाट करायची, आणि उद्या गाडी हवी झाली तर वाट बाजूला करून पुन्हा रूळ टाकायचे. याला ते रेल-बँकिंग म्हणतात. जमीन बँकेत ठेवल्यासारखी. काही ठिकाणी तसे रूळ परत पडलेही. म्हणजे सायकल ही रेल्वेची सवत नाही, राखणदार आहे. जिथून रोज शंभर सायकली जातात तिथे कुणी धुरा सरकवत नाही. तिथे गोवऱ्या थापत नाहीत. जिथे कुणीच जात नाही तिथे पाचव्या वर्षी टिनाचं शेड उभं राहतं आणि दहाव्या वर्षी त्याला वीज मीटर मिळतो.

आणखी एक. शकुंतलेची वळणं छोट्या गाडीची आहेत, मोठ्या गाडीला ती चालणार नाहीत. उद्या ब्रॉडगेज आलीच तरी बरेच तुकडे तिच्या बाहेर राहणार. त्यांचं काय करायचं हे आज कुणी विचारतंय का?

परदेशातली उदाहरणं दिली की आपल्याकडे लगेच "ते लोक वेगळे" म्हणतात. म्हणून एकच देतो, आणि तेही एका शेतकी भागाचं. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर ओटागो म्हणून कोरडा, मेंढपाळांचा प्रदेश आहे. तिथली रेल्वे 1990 मध्ये बंद झाली. स्टेशनं ओस पडली, गावातली दुकानं बंद व्हायला लागली, पोरं शहरात. ओळखीचं वाटतंय ना? रूळ उचलल्यावर त्या भरावावर 152 किलोमीटरची सायकल वाट झाली, 2000 साली पुरी उघडली. सुरुवातीला शेतकऱ्यांनी विरोध केला होता. कुंपणं तुटतील, मेंढरं बिथरतील, परके लोक वावरात शिरतील. आज त्याच वाटेवरची गावं सायकलवाल्यांना जेवू घालून आणि झोपायला खाट देऊन तगली आहेत. तिथे कुणी मोठं रिसॉर्ट बांधलं म्हणून हे झालं नाही. सायकलवाला दिवसाला पन्नास-साठ किलोमीटर जातो, त्यामुळे त्याला दर गावात थांबावंच लागतं. मोटारवाला तेच अंतर तासाभरात कापतो आणि पैसे शेवटच्या हॉटेलात खर्च करतो. एवढं साधं गणित आहे.

पण खरं सांगू? पर्यटन हा माझा मुख्य मुद्दा नाहीच. पुण्या-मुंबईचे लोक महागड्या सायकली घेऊन येतील तेव्हा येतील, आले तर आनंदाने चहा पाजू. इथे आज, या क्षणी, सायकलवाले आहेत. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, ज्यांची शाळा पाच किलोमीटरच्या आत आहे त्यांना. दूरच्यांना निळी बस. योजना उत्तम आहे, मी तिच्या बाजूने कुणाशीही भांडेन. पण आपण मुलीच्या हातात सायकल दिली आणि तिला ट्रकांच्या रस्त्यावर सोडून दिलं. सायकल दिली, वाट दिली नाही. बाप दोन महिने बघतो, मग एक दिवस शेजारच्या गावात अपघात होतो आणि सायकल ओसरीला टांगली जाते. पुढचं काय ते तुम्हाला माहीत आहे, स्थळं यायला लागतात. सायकल वाटपाचे फोटो आपल्याकडे ढिगाने आहेत. त्यातल्या किती सायकली दुसऱ्या वर्षी चालू होत्या हे कुणीतरी मोजा.

लाडखेडच्या मुलीला दारव्ह्याला कॉलेजला जायला भरावावरची मोकळी वाट मिळाली, तर त्याच वाटेवरून सकाळी वेचणीला जाणाऱ्या बायका जातील, दूधवाला जाईल, संध्याकाळी म्हातारी माणसं पाय मोकळे करतील. आणि वर्षातून चार-पाच महिने, दिवाळीपासून होळीपर्यंत, पाठीवर पिशव्या बांधलेले काही वेडे पाहुणे जातील. इंग्लंडात ब्रिस्टल ते बाथ अशीच जुन्या रेल्वेवरची वाट आहे, एकवीसेक किलोमीटरची, 1979 पासून स्वयंसेवकांनी स्वतः फावडं धरून तुकड्या-तुकड्याने केलेली. फिरायला येणाऱ्यांसाठी म्हणून ओळखली जाते, पण रोज तिच्यावरून जातात ते शाळेची पोरं आणि कामाला जाणारी माणसं. हे असंच होतं. आधी गावाची होते ती वाट पाहुण्यांनाही आवडते. पाहुण्यांसाठी म्हणून केलेली वाट गावाला आपली वाटत नाही, आणि दोन वर्षांत तिची कचरापट्टी होते.

आता अडचणी. त्या आहेत, नाहीत असं म्हणणारा माणूस मला आवडत नाही. पहिली म्हणजे मोटरसायकल. चांगली वाट दिसली की त्यावर बाइक येणारच, दोन्ही हात सोडून चालवणारे पोट्टे येणारच. तोंडाला आणि प्रत्येक फाटकावर खांब रोवावे लागतील, सायकल जाईल आणि बाइक अडेल असे. पण तिथेच शेतकऱ्याची बंडी वावरात जायला हवी, म्हणजे आडवं ओलांडायला जागा ठेवावी लागेल. हे कागदावर सोपं आणि जागेवर कठीण आहे. प्रत्येक गावात बसून, कुणाचं वावर कुठे आहे ते विचारून करावं लागेल. दुसरं जनावर. राळेगाव-पांढरकवड्याकडच्या लोकांनी 2018 पर्यंत त्या वाघिणीच्या भीतीत काय दिवस काढले ते मी विसरलेलो नाही, त्यामुळे जंगलातून सायकल वाटा काढा असं मी कधीच म्हणणार नाही. शकुंतला बहुतांश शेतीतून आणि गावांतून जाते, तिथे रानडुकराची भीती जास्त. अंधार पडल्यावर वाट बंद, एवढा नियम पुरे. तिसरं म्हणजे मोऱ्या आणि छोटे पूल. काही खचले असणार, कठडे तर कुठेच नाहीत. तिथे पैसा लागेल. पण चौपदरी रस्त्याच्या खर्चाशी याची तुलना करायलासुद्धा मला लाज वाटते.

आणि चौथी अडचण, जी सगळ्यात मोठी: कागद. मालकी एकाची, वापर दुसऱ्याचा, गाडी तिसऱ्याच्या हुकमाने बंद. मी एका कार्यालयात सरळ विचारायला गेलो होतो, कोणतं ते सोडून द्या. साहेबांनी ऐकून घेतलं, चहा सांगितला आणि म्हणाले, "भाऊ, ते आमच्याकडे येत नाही." मग ज्यांच्याकडे येतं म्हणून सांगितलं तिथे गेलो. तिथलेही चांगले होते. त्यांनीही चहा दिला, आणि पहिल्या कार्यालयाचा पत्ता दिला. दरम्यान कायदा असा आहे की रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा. म्हणजे वर्षानुवर्षं गाडी न पाहिलेल्या भरावावरून शाळेत जाणारी पोरगी कागदोपत्री गुन्हेगार, आणि त्याच भरावावर शेड टाकून बसलेल्याला विचारायला कुणाला वेळ नाही.

म्हणून माझी मागणी लहान आहे, मुद्दाम लहान ठेवली आहे. अख्खे 113 किलोमीटर नकोत. यवतमाळ ते दारव्हा एवढा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा तुकडा घ्या. रूळ असतील तिथे राहू द्या, त्यांच्या कडेने किंवा वरून मुरूम टाका, रोलर फिरवा. झुडपं काढा, मोठी झाडं ठेवा. पेव्हिंग ब्लॉक नकोत, सिमेंट नको, रंगीत दिवे नकोत, आणि हात जोडून सांगतो, स्वागत कमान नको. कमान झाली की उद्घाटन होतं आणि उद्घाटन झालं की काम संपतं. जमीन रेल्वेची आणि कंपनीची जशी आहे तशीच राहू द्या. फक्त गाडी येईपर्यंत वापरायची लेखी परवानगी द्या, आणि त्यातच लिहा की रूळ टाकायचे ठरल्यावर सहा महिन्यांत वाट मोकळी करून देऊ. यात कुणाचं काय जातं? ज्यांना ब्रॉडगेज हवी आहे त्यांनी तर सगळ्यात आधी या कागदावर सही करायला हवी.

मागणी वरून सुरू केली तर पुन्हा चहाच मिळणार, हे मला कळून चुकलं आहे. ती खालून गेली पाहिजे, लाइनीवरच्या गावांच्या ग्रामसभांमधून. ग्रामसभेच्या तारखा ठरलेल्याच आहेत, 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. एका पानाच्या ठरावाचा मसुदा मी करून ठेवला आहे. त्यात गावाच्या हद्दीतल्या भरावाची लांबी, मोऱ्यांची संख्या, वावरात जायच्या बंडीवाटा आणि शाळेत सायकलने जाणाऱ्या मुलींचा आकडा एवढ्याच जागा मोकळ्या सोडल्या आहेत. त्या भरायला गावातल्याच दोन पोट्ट्यांना एक दिवस पुरतो. लाडखेड, लासिना किंवा मधल्या कुठल्याही गावचं कुणी हे वाचत असेल आणि मसुदा हवा असेल तर सांगा, मी सायकलने आणून देतो.